गंजाच्या रांगा : सँडे बेटावर वायकिंग अवशेष शोधताना

वायकिंगांनी पुरलेली होडी सापडते तेव्हा तिथे लाकूड नसतं. हजार वर्षांत ते कुजून वाळूत मिसळून गेलेलं असतं. उरतात ते नारिंगी-तपकिरी डाग, बोटाच्या पेराएवढे, वीतभर अंतराने, एकामागोमाग एक. फळीवर फळीची कड चढवून ज्या लोखंडी खिळ्यांनी ती होडी जोडली होती, त्या खिळ्यांचा तो गंज. प्रत्येक डाग जागच्या जागी मोजला गेला, तर होडीची लांबी, पोटाचा फुगवटा, फळ्यांची जाडी हे सगळं कागदावर परत उभं करता येतं. कुणी उत्साहाने चार खिळे उपसून पिशवीत टाकले, तर त्या बाजूची होडी पुन्हा कधीच मिळत नाही.

सँडे हे स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडच्या ऑर्कनी द्वीपसमूहातलं एक सखल, वाळूचं बेट. नावच मुळी नॉर्स, म्हणजे वायकिंगांच्या, भाषेतलं, ‘वाळूचं बेट’ या अर्थाचं. ऑर्कनीत सुमारे ७० बेटं आहेत आणि त्यांतल्या विसेक बेटांवरच माणसं राहतात. कर्कवॉल या मुख्य गावाहून सँडेला फेरीबोटीने जवळजवळ दीड तास लागतो. नवव्या शतकापासून नॉर्वेकडचे लोक इथे येऊन वसले. १४६८ साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिस्टियान याने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि ती पुढे सोडवली गेलीच नाहीत. त्यामुळे इथल्या शेतांची, खाड्यांची, टेकाडांची नावं आजही नॉर्स वळणाची आहेत.

याच बेटावर स्कार नावाच्या जागी १९८५ साली एका स्थानिक शेतकऱ्याला खचलेल्या किनाऱ्यात हाडं आणि शिशाची एक छोटी वस्तू दिसली. तिचं महत्त्व कळून खोदकाम व्हायला १९९१ उजाडलं, आणि तेही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे जेमतेम सहा-सात तास उजेड आणि वादळांचा हंगाम, अशा दिवसांत करावं लागलं. निघाली ती ७.१५ मीटर लांबीची ओक लाकडाची होडी, म्हणजे तिचे ३०० हून जास्त खिळे. होडीत तिघं होती : तिशीतला पुरुष, सत्तरीतली म्हातारी आणि एक मूल. सोबत तलवार, आठ बाणांचा भाता, कंगवा, पटावरच्या खेळाच्या २२ सोंगट्या, चात्या, विळा, कातर आणि देवमाशाच्या हाडाची कोरीव पाटी. होडीची एक बाजू समुद्राने आधीच नेली होती.

किनाऱ्यावरची प्रत्येक जागा आज ना उद्या स्कारसारखी होणार, हे धरूनच आम्हा उत्खनन करणाऱ्यांचं काम आखलेलं असतं. उत्तरेकडच्या या बेटांवर उन्हाळ्यात चार आठवड्यांचा मोसम मिळतो. जूनमध्ये अठरा तास उजेड असतो, पण वाऱ्याला सुट्टी नसते.

पहिली पायरी घरात बसून करायची. १८८० च्या आसपासचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे काढून त्यांवरची शेतांची नावं एकेक करून वाचायची. ‘स्केल’ हा शब्द आला की कान टवकारायचे, कारण नॉर्स भाषेत तो मोठ्या घराचा, बैठकीच्या दालनाचा शब्द आहे. ‘बिस्टर’ म्हणजे शेतवाडी, ‘क्वॉय’ म्हणजे गुरांचा वाडा, ‘हाव’ म्हणजे टेकाड किंवा थडगं. नाव जुनं असलं म्हणून घर त्याच जागी असेल असं नाही, पण शोधाचा परीघ निम्म्याने कमी होतो. त्याच नकाशांवर तेव्हाची भरतीची रेषा असते. ती आजच्या ड्रोनच्या फोटोवर ठेवली की दीडशे वर्षांत समुद्राने कुठे किती खाल्लं ते समोर येतं, आणि आधी कुठे खोदायचं हे बरंचसं तिथेच ठरतं.

सँडेवर आणखी एक खूण आहे, आणि ती मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही. गोदावरी-भीमेच्या काठी जुन्या गावठाणाची पांढरी दिसते ना, घरांवर घरं पडून उंचावलेली, राखेची, भुसभुशीत, तशीच टेकाडं सँडेवर आहेत. राख, शेण, गवताच्या मुळांसकट कापलेली ढेकळं, मोडक्या भिंती असं शतकानुशतकं एकाच जागी साचून ती चार-चार मीटर चढली. त्यांच्या डोक्यावर आजही शेतकऱ्यांची घरं उभी आहेत. त्यामुळे मधोमध खोदता येत नाही. कडेला, समुद्राने कापलेल्या बाजूने आत शिरावं लागतं.

म्हणून दुसरी पायरी चालण्याची. हिवाळी वादळं संपल्यावर, गवत वाढायच्या आत, ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास किनारा पायी पालथा घालायचा. दोन माणसं खालून वाळूवरून कड्याचा छेद बघत, एक माणूस वरून. खालच्यांनी बघायचं ते काळे पट्टे, शिंपल्यांचे थर, माशांच्या काट्यांचे झुबके, सपाट रचलेले दगड आणि गंज. काहीही ओढून काढायचं नाही. फोटो, मोजपट्टी आणि जीपीएसवर नोंद एवढंच. सलग दीड मीटर रुंदीचा काळा पट्टा असेल तर तो बहुधा घराची जमीन किंवा उकिरडा. त्या पट्ट्याच्या खाली स्वच्छ वाळू आणि वरही स्वच्छ वाळू असेल तर फारच चांगलं, कारण वरच्या काळातली भेसळ कमी असते.

फसगत कुठे होते ते इथेच सांगायला हवं, कारण नव्या माणसाचा निम्मा मोसम त्यात जातो. होडीच्या आकाराचा खळगा दिसला की सगळे धावतात. पण इथल्या लोकांनी होड्या हिवाळ्यात ओढून ठेवण्यासाठी किनाऱ्यावर असे खळगे अगदी अलीकडेपर्यंत खोदले. त्यांना ‘नाउस्ट’ म्हणतात, शब्द नॉर्सच आहे, पण खळगा शंभर वर्षांपूर्वीचाही असू शकतो. दुसरी फसगत केल्पच्या खड्ड्यांची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ऑर्कनीत समुद्रशेवाळ जाळून त्याची खारी राख काच आणि साबणाच्या कारखान्यांना विकत. त्यासाठी दगडांनी मढवलेले गोल खड्डे किनाऱ्याला लागून केले जात. त्यांच्यातली भाजलेली माती यंत्रावर झगझगीत दिसते, वायकिंग चुलीपेक्षाही जास्त. तिसरा शत्रू ससा. सशांची बिळं वरची वस्तू खाली आणि खालची वर नेतात. बिळाच्या तोंडाशी मणी सापडला तर त्याला ‘बिळातून’ एवढाच पत्ता द्यायचा. त्यावरून थराचा काळ ठरवायचा नाही.

मोठ्या पातळीवरची अशीच एक फसगत कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर झाली. त्या बेटाच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज इथे हेल्गे इंगस्टाड आणि त्यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आन स्टीन इंगस्टाड यांनी १९६० पासून शोधून, खोदून नॉर्स वस्ती सिद्ध केली : आठ इमारती, काशाची कड्याची टाचणी, चाती, लोखंड गाळल्याची मळी. मग २०१५ मध्ये त्याच बेटाच्या नैऋत्येला पॉइंट रोझी इथे उपग्रहाच्या चित्रांत आयताकृती खुणा आणि जमिनीत लोखंडाची माती मिळाली. दुसरी वस्ती सापडली असं जगभर छापून आलं. दोन मोसम खोदल्यावर त्याच संशोधकांनी अहवाल दिला की नॉर्स माणसांचा इथे कसलाही पुरावा नाही, खुणा नैसर्गिक आहेत. आम्हाला हा अहवाल महत्त्वाचा वाटतो आणि नव्या विद्यार्थ्यांना तो लान्स ओ मेडोजच्या आधी वाचायला देतो. वरून दिसलेली रेषा म्हणजे फक्त खोदून बघायचं कारण.

तिसरी पायरी यंत्रांची. जागा ३० बाय ३० मीटरच्या चौकोनांत आखायची, कोपऱ्यांवर प्लॅस्टिकच्या मेखा ठोकायच्या. लोखंडी मेख चुकूनही नको. मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीची चुंबकीय खूण मोजणारं यंत्र, घेऊन चालणाऱ्याच्या अंगावर बकल, किल्ली, स्टीलच्या टाचेचे बूट, काही चालत नाही. एकेक मीटरवर रेघा आणि प्रत्येक रेघेत दर साडेबारा सेंटिमीटरला एक वाचन. चूल, राख, भाजलेली माती यांची चुंबकीय खूण आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी येते, म्हणून लांब घराच्या मधोमधची चूल लांबट डागासारखी दिसते. अडचण अशी की हे यंत्र साधारण मीटरभर खोलीपर्यंतच नीट बघतं. सँडेवर वाऱ्याने आणलेली शिंपल्यांची वाळू कित्येक ठिकाणी दोन-तीन मीटर जाड आहे. तिथे पडदा कोरा येतो आणि ‘काहीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. कोरा पडदा आला की आधी हाताने फिरवायच्या बोअरने वाळू किती जाड आहे ते तपासायचं. खोलीसाठी जमिनीत लहरी सोडणारं रडार चांगलं, पण भरतीच्या खाऱ्या पाण्याने जमीन भिजलेली असेल तर लहरी तिथेच शोषल्या जातात. आणि मेंढ्यांसाठी घातलेलं तारेचं कुंपण जवळ असेल, तर त्याच्यालगतची पट्टी चुंबकीय नकाशातून सोडूनच द्यावी.

खोदण्याआधीची कागदपत्रं थोडक्यात : जमीनमालकाची परवानगी, आणि जागा संरक्षित यादीत असेल तर ऐतिहासिक वास्तूंच्या स्कॉटिश संस्थेची लेखी संमती. ती मिळायला वेळ लागतो, म्हणून आदल्या हिवाळ्यातच अर्ज टाकायचा. जमिनीतून निघणाऱ्या बेवारस पुरातन वस्तूंवर स्कॉटलंडमध्ये राजसत्तेचा हक्क असतो. शेतमालकाचा नाही आणि खोदणाऱ्याचा तर नाहीच. हे मालकाला पहिल्याच भेटीत नीट सांगितलं की पुढे मन दुखावत नाही.

खड्ड्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. भारतात शिकलेल्या माणसाला चौकोनी खड्डे आणि त्यांच्यामध्ये राखलेल्या मातीच्या भिंती यांची सवय असते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४४ साली तक्षशिलेला घेतलेल्या प्रशिक्षणापासून ती पद्धत आपल्याकडे रुजली आणि जाड, खोल थरांच्या टेकाडांसाठी ती चांगली आहे. नॉर्स घर पंधरा-वीस मीटर लांब, पाच-सहा मीटर रुंद, आणि त्याचे थर दोन-दोन सेंटिमीटरचे. मधल्या भिंतीखाली नेमकी चूल किंवा दार झाकलं जातं. म्हणून इथे सगळं क्षेत्र एकदम उघडतात आणि थर शेवटचा पडलेला आधी, या उलट क्रमाने एकेक करून उचलतात. इनामगावला डेक्कन कॉलेजने घरं समजून घेण्यासाठी असंच विस्तृत क्षेत्र उघडलं होतं, त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही. प्रत्येक थराला, खळग्याला, भिंतीला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र नोंदपत्र. उभ्या छेदाचं चित्र १:१० ला, आडवा आराखडा १:२० ला. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र, कितीही अचूक असलं तरी ओळंबा, दोरी आणि पेन्सिल सुटत नाहीत, कारण हाताने काढताना माणूस दगड नि दगड बघतो.

वरचं गवत मुळांसकट फूटभर चौकोनांत, हाताच्या पंजाएवढ्या जाडीने कापायचं आणि गवताला गवत, मातीला माती लावून रचायचं. चार आठवड्यांनी हेच परत बसवायचं असतं, म्हणून कोरड्या आठवड्यात त्यावर पाणी शिंपडायचं. उपसलेल्या मातीचे ढीग तीन : गवत, वरची काळी माती, खालची वाळू. ढीग वाऱ्याच्या खालच्या बाजूला. हा नियम पहिल्या दिवशी मोडला तर मोसमभर स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर वाळू उडून येते. कोरड्या वाळूची उभी बाजू टिकत नाही, ती तीस-पस्तीस अंशांच्या उतारावरच स्थिरावते. त्यामुळे सव्वा मीटरच्या खाली जायचं असेल तर बाजूंना पायऱ्या द्याव्याच लागतात, आणि तेवढी जास्तीची जागा आधीच्या आखणीत धरलेली असावी लागते. एकटं माणूस खोल खड्ड्यात कधीच उतरवत नाही.

रंग ओळखणं हे खरं कौशल्य. वाळू वाळली की सगळं एकसारखं फिकट दिसतं. म्हणून बागेत फवारायचा पंप घेऊन पृष्ठभाग ओलसर करतात आणि दहा मिनिटांत सगळे एका ओळीत उभे राहून डागांच्या कडा ट्रॉवेलच्या, म्हणजे छोट्या करणीच्या, टोकाने कोरून घेतात. फोटोही तेव्हाच. उन्हापेक्षा ढगाळ आभाळ बरं. ट्रॉवेल नेहमी स्वतःकडे ओढत, मागे सरकत चालवायची, म्हणजे साफ केलेल्या भागावर गुडघा पडत नाही.

नॉर्स घराची ओळख भिंतींच्या वळणावरून पटते. भिंती जाड, दीड मीटरपर्यंत, आतबाहेर दगड आणि पोटात गवताची ढेकळं, लांब बाजू मध्यभागी किंचित फुगीर. मधोमध लांबट चूल, दोन्ही कडांना बसा-झोपायचे ओटे. उताराकडचं टोक गुरांचं असेल तर तिथे फरसबंद नाली. त्यांच्या आधीच्या पिक्ट लोकांची घरं निराळी, गोलाकार खोल्या एकमेकींना जोडून केलेली. पण एकाच जागी पिक्ट घराच्या भिंती वापरून नॉर्स माणसांनी घर वाढवलेलंही मिळतं. सँडेवरच्याच पूल या जागी दोन्ही काळांचे थर लागून आले. अशा ठिकाणी घाई केली की दोन्ही काळांची सरमिसळ होते आणि मग भांडण कधीच मिटत नाही.

घराची जमीन आम्ही खोदत नाही, तिचे नमुने घेतो. अर्ध्या मीटरचे चौकोन आखून बुद्धिबळाच्या पटासारखे आधी काळे, मग पांढरे असे उचलतो. प्रत्येक चौकोनाची पूर्ण माती बादलीत, दोन लेबलं : एक आत, एक बाहेर. बाहेरचं पावसात जातंच. प्रत्येक चौकोनातून मूठभर माती वेगळी, फॉस्फेटसाठी. गुरं बांधायची जागा, मासे सोलायची जागा, झोपायची जागा यांच्यात फॉस्फेटचा फरक पडतो. थरांचा न विस्कटलेला तुकडा हवा असतो त्यासाठी तळ नसलेला धातूचा छोटा डबा छेदात दाबून बसवतात, वरची बाजू कुठली ते डब्यावर खोडता न येणाऱ्या शाईने लिहितात. नंतर त्याचे काचेवर पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. उलटा धरलेला डबा निरुपयोगी.

आता खिळे. पहिला नारिंगी डाग दिसला की त्या भागातल्या ट्रॉवेल बाजूला, पुढचं काम बांबूच्या पात्यांनी आणि मऊ ब्रशने. डाग उघडा करायचा, उचलायचा नाही. वायकिंग होडीच्या खिळ्याला एका टोकाला गोल डोकं असतं आणि दुसऱ्या टोकाला छोटी चौकोनी चकती, तिच्यावर टोक ठोकून चपटं केलेलं. दोघांमधलं अंतर म्हणजे जोडलेल्या दोन फळ्यांची एकत्र जाडी. म्हणून टोटल स्टेशनने प्रत्येक खिळ्याचे दोन बिंदू घेतो, डोक्याचा आणि चकतीचा. एकच बिंदू घेतला तर खिळा कुठे आहे ते कळतं, पण कुठल्या कोनात आहे ते कळत नाही, आणि कोनावरूनच होडीच्या बाजूचा कल काढायचा असतो. रांगेतला खिळा अपेक्षित जागी नसेल तरी तिथली वाळू तपासून ‘नाही’ अशी नोंद करायची. खिळे विस्कळीत, सगळ्या दिशांनी पडलेले असतील तर ती पुरलेली होडी नसते. जुन्या होडीच्या फळ्या सरपण म्हणून जाळल्या की चुलीत खिळे राहतात, आणि झाडं नसलेल्या बेटावर ते पुष्कळदा होत असे.

सगळी रांग मोजून झाल्यावर एकेक खिळा खालच्या वाळूसकट उचलायचा. घासायचा नाही, धुवायचा तर अजिबात नाही. लोखंड गंजताना त्याला चिकटलेलं लाकूडही खनिजात बदलतं, आणि त्या नखाएवढ्या चुऱ्यात झाडाची जात आणि फळीच्या रेषांची दिशा टिकून असते. स्कारची होडी ओकची होती हे असंच कळलं. फटींत भरलेल्या सारणातले वाळूचे कण ऑर्कनीचे नाहीत, यावरून ती बाहेरून आली हेही. एक ब्रश फिरवला की हा पुरावा गेला.

तलवार किंवा गंजून एक झालेला वस्तूंचा गोळा दिसला तर तो सुटा करायचा मोह आवरायचा. भोवतीची वाळू खणून तो चौथऱ्यावर उभा ठेवायचा, वर पातळ प्लॅस्टिक, त्यावर अॅल्युमिनियमचा कागद, मग हाडं बसवायला वापरतात त्या प्लॅस्टरच्या पट्ट्या. वाळल्यावर खालून पत्रा सरकवून अख्खा ठोकळा उचलायचा आणि प्रयोगशाळेत आधी एक्स-रे. म्यानाचं लाकूड, कापडाची वीण, पट्ट्याचं कातडं, सगळं त्या गंजात असतं.

माणसाचं हाड निघालं की काम थांबतं आणि पोलिसांना फोन जातो. हाडं जुनी आहेत हे उघड दिसत असलं तरी स्कॉटलंडमध्ये ही रीत पाळावीच लागते. शिंपल्यांची वाळू आम्लता मारते, म्हणून सँडेवर हाडं टिकतात. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, आम्लधर्मी जमिनीत त्याच काळचं थडगं असेल तर दात आणि सावलीसारखा डाग एवढंच हाती येतं. दातातून आणि कानामागच्या टणक हाडातून डीएनए काढायचा असतो, त्यामुळे हातमोजे आणि मास्क घातलेल्या एकाच व्यक्तीने ते भाग उचलायचे. डोकं, छाती, पोट, दोन्ही हात, दोन्ही पाय, प्रत्येकाखालची वाळू वेगवेगळ्या पिशवीत. बोटांची हाडं, न जन्मलेल्या बाळाची हाडं, मणी, पोटातल्या अन्नाचे अवशेष चाळणीतच मिळतात. उघडलेला सांगाडा शक्यतो त्याच दिवशी उचलून होईल असं सकाळी ठरवूनच उघडायचा. ती माणसं कुणाच्या तरी घरची होती. त्यांना ताडपत्रीखाली, वाऱ्यापावसात अर्धवट उघडं ठेवून रात्री निघून जाणं आम्हाला पटत नाही.

मोसमातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत फलदायी काम चाळणीचं. प्रत्येक थरातून ४० लिटर माती, थर लहान असेल तर सगळीच. दोनशे लिटरच्या पिंपात १ मिलिमीटरची जाळी लावायची, खालून पाणी सोडायचं, माती हळूहळू आत टाकायची. जळालेले दाणे, कोळसा वर तरंगून काठावरून ०.३ मिलिमीटरच्या चाळणीत येतात, माशांचे काटे, मणी, लोखंडी ठिणग्यांचे कण जाळीवर बसतात. समुद्र पन्नास पावलांवर असला तरी खारं पाणी वापरायचं नाही. वाळताना मिठाचे स्फटिक दाणे फोडतात. गोड्या पाण्याची टाकी शेतकऱ्याकडून आधी ठरवून घ्यायची. दाणे सावलीत वाळवायचे, उन्हात ठेवले तर तडकतात.

यातूनच ‘वायकिंग’ हा शब्द वापरायचा आधार मिळतो. ऑर्कनीत जवाची शेती आधीपासून होती, पण जवस नॉर्स लोकांबरोबर आलं. जवसाचं बी मिळालं की आम्ही सावरून बसतो. खोल समुद्रातल्या मोठ्या कॉड माशांचे मणके इसवी सन १००० च्या सुमारास एकदम वाढतात. शेजारच्या वेस्ट्रे बेटावर क्वॉयग्रूला अशा काट्यांचे जाड थर मिळाले. सोपस्टोन, म्हणजे आपल्याकडचा शंखजिरा, याचे भांड्यांचे तुकडे आले तर ते शेटलंडहून किंवा नॉर्वेहून आलेले, कारण ऑर्कनीत तसा दगड नाही. कंगवा रेनडिअरच्या शिंगाचा निघाला तर तो स्कँडिनेव्हियाकडचा. नुसतं लांब घर किंवा नुसता एक खिळा यावर आम्ही हा शब्द लिहीत नाही.

कार्बन-१४ वरून काळ ठरवताना चुका होतात त्या बहुतेक नमुना निवडताना. ऑर्कनीत झाडं फारशी नाहीत, त्यामुळे चुलीतला कोळसा वाहून आलेल्या लाकडाचा असू शकतो. ते झाड दूर कुठेतरी शेकडो वर्षं वाढून, मग समुद्रातून वाहत आलेलं. त्याची तारीख चुलीची तारीख नव्हे. जळालेला जवाचा एक दाणा घ्यायचा, एकाच उन्हाळ्यात वाढलेला. माणसाच्या हाडाची तारीख मासे खाण्याने मागे सरकते, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन सुमारे ४०० वर्षं जुना दिसतो. आहारात मासळी किती होती ते समस्थानिकांवरून काढून दुरुस्ती करावी लागते. शिवाय आठव्या-नवव्या शतकांच्या काही भागात कार्बनच्या मापाचं वर्षांत रूपांतर करायचा वक्र सपाट आहे आणि नॉर्स लोक आले तो काळ नेमका हाच. एका दाण्याचं उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांच्या पट्ट्यात येतं. एकावर एक असलेल्या पाच-सहा थरांतले दाणे एकत्र मांडले की पट्टा अरुंद होतो, आणि त्यासाठी थरांचा क्रम निर्विवाद नोंदलेला असावा लागतो. लान्स ओ मेडोजला १०२१ हे एकच साल सांगता आलं ते वेगळ्या वाटेने : ९९३ साली सूर्यावरून आलेल्या कणांच्या माऱ्याने झाडांच्या वलयांत कार्बन-१४ उसळला होता, ती खूण लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडात सापडली आणि तिथून झाडाच्या सालीपर्यंत २८ वलयं मोजता आली. आपल्या जागी साल शाबूत असलेलं लाकूड मिळण्याची शक्यता नगण्य, पण मिळालं तर साल सोलू नका.

वस्तू निघाल्यापासून त्यांची नासाडी वेगाने सुरू होते. लोखंड समुद्राजवळचं म्हणजे मिठाने भरलेलं. साध्या पिशवीत ठेवलं तर आठवड्यात त्यावर पिवळसर थेंब येतात आणि पापुद्रे सुटतात. म्हणून भोकं पाडलेल्या पिशव्या, हवाबंद डबा, तळाशी सिलिका जेल, आणि आतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. जेलचा रंग दर आठवड्याला बघून तो भट्टीत वाळवून परत घालायचा. याउलट ओलं निघालेलं लाकूड किंवा कातडं ओलंच, अंधारात, थंड ठेवायचं. हाड आणि शिंग मधलं, सावकाश वाळवायचं. एका डब्यात दोन प्रकार कधी नाहीत.

शेवटचे तीन दिवस भरावासाठी राखायचे, ‘अजून थोडंसं’ म्हणून ते खाल्ले की भराव अर्धवट राहतो आणि पहिल्या वादळात वारा खड्ड्यात शिरतो. उघड्या भिंतींवर जाड विणलेलं कापड, त्याच्या तळाशी त्या सालचं नाणं, पुढच्या खोदणाऱ्याला आम्ही कुठवर आलो ते कळावं म्हणून. त्यावर वाळूच्या पिशव्या, मग वाळू, मग काळी माती, शेवटी गवताचे चौकोन, हिरवी बाजू वर, सांधे घट्ट. कड्याच्या बाजूला पिशव्यांची तिरकी भिंत. ती समुद्राला थांबवत नाही, दोन-तीन हिवाळे मिळवून देते.

फेरीबोट निघण्याआधी कड्यापासून बरोबर पाच मीटर आत दोन लाकडी खुंट्या ठोकतो. बेटावरची शाळेतली मुलं आणि शेजारचा शेतकरी प्रत्येक मोठ्या वादळानंतर खुंटीपासून कड्याच्या कडेपर्यंत फीत धरतात आणि आकडा, तारीख, वाऱ्याची दिशा फळ्याशेजारी टांगलेल्या वहीत लिहितात. पुढच्या मोसमात कुठे खोदायचं, हे त्या वहीत बघून ठरतं.